शंभर कशाला? आठच बऱ्या!

मंडळी, आमच्या चंदनसारच्या वाडीत आठ तलंगा, एक कोंबडा आणि चार बदकं आणायचं मी ठरवलं आणि नातेवाइकांत एकदम अर्थतज्ज्ञ जन्माला आले. पुतण्या म्हणतो, "काका, आठनं काय होतंय? शंभर घ्या, शेड टाकू, कडकनाथ ठेवू." भाचेजावई तर कागदावर हिशोब मांडूनच आले. शंभर कोंबड्या, रोज इतकी अंडी, गावठी म्हणून इतका भाव, वर्षाला इतके रुपये. त्या कागदावर एकही कोंबडी मरत नव्हती. मुंगूस येत नव्हतं. कुणी खुडूकसुद्धा होत नव्हती! मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तर आधी लिहून गणित मागून रचलेलं असलं की मला लगेच कळतं.

असलाच हिशोब 2019 साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला उघडा पडला. पिल्लं आमच्याकडून घ्या, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी चढ्या भावानं आम्हीच विकत घेऊ, असं सांगून हजारो शेतकऱ्यांना कडकनाथच्या नादी लावलं होतं. बिचाऱ्या पक्ष्याचा त्यात काय दोष! झाबुआचा तो, 2018 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो अंडी बेतानंच देतो आणि अंड्यांवर बसायचा त्याच्या मादीला कंटाळा. शेतकऱ्यांना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आता माझं गणित ऐका. कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते. माझ्या नऊ जणांना मिळून किलोभर लागेल. त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातून आणि वाडीतून निघतं. उरलेला भात, भाजीची देठं, कोंडा, आणि केळीच्या बुंध्याशी उकरून काढलेले किडे. वर थोडा दाणा टाकला की झालं. शंभर कोंबड्यांना मात्र रोज अकरा-बारा किलो लागणार. इतकं खरकटं आमच्या घरात दिवाळीतही होत नाही. म्हणजे खाद्याचं पोतं विकत आणा, आणि मग ज्यांच्या लाखो पिंजऱ्यांतून अंडी ट्रक भरभरून येतात त्यांच्याशी भावात झुंजा. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते हो. पोत्यावर पोसली तर एकेक अंडं चांदीचं पडेल!

विष्ठेचंही तेच. नऊ पक्ष्यांची घाण हे माझ्या नारळांचं खत आहे. शंभरांची घाण ही शेजाऱ्यांची तक्रार आहे. 2009 पासून आम्ही महानगरपालिकेत आहोत. वाडीच्या तिन्ही बाजूंनी चाळी आणि इमारती उठल्यात, खिडकी उघडली की जीवदानीचा डोंगरसुद्धा तुकड्यातुकड्यानं दिसतो. उद्या माशा झाल्या म्हणून कुणी अर्ज केला तर चूक त्याची नसेल. आणि एकदा तक्रार झाली की शंभरवाला आणि आठवाला असा भेद कोण करतो? वाडी विकून मोकळे व्हा म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत.

पण पुतण्याचा एक मुद्दा मला मानावाच लागतो, आणि तो आहे लसीचा. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी. माझ्या लहानपणी एका उन्हाळ्यात आईची सगळी खुराडी आठ दिवसांत रिकामी झाली होती. शेवटची कोंबडी मान पाठीवर टाकून गोल गोल फिरत होती, ते अजून आठवतं. यावर औषध नाही, लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून दुसरी लस. पण बाटली येते शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची! ती बर्फात आणायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. आठ कोंबड्यांना देऊन उरलेली फेकायची. म्हणून आठवाला लसच देत नाही, आणि मानमोडी आठवाल्याच्या खुराड्यातूनच गावभर फिरते.

यावर सगळ्यांचं उत्तर एकच, कोंबड्या वाढवा. सरकारलाही दुसरं सुचत नाही. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अनुदान आहे ते 25 तलंगा आणि 3 नरांच्या गटाला, नाहीतर 100 पिल्लांना. अहो, कोंबड्या कशाला वाढवता, घरं वाढवा की! दहा घरांनी प्रत्येकी दहा पाळल्या तरी त्या शंभरच होतात. एक दिवस ठरवायचा, एकानं थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची आणि सकाळी उन्हं चढायच्या आत दहा वाड्या उरकायच्या. एवढं सोपं असून होत नाही, कारण शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोलण्यापेक्षा कर्ज काढून शेड बांधणं माणसाला हल्ली सोपं वाटतं.

बदकांबद्दल थोडं. "त्यांना कोंबड्यांतच कोंडा, वेगळं खुराडं कशाला?" असा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी बदक फक्त चित्रात पाहिलंय. बदक खाताना घासागणिक पाण्यात चोच बुडवतं आणि सगळं अंथरूण ओलं करतं. ओल्या तुसात कोंबडी आजारी पडते. शिवाय कोंबडी दांडीवर झोपते, बदक जमिनीवर. मी खाकी कॅम्पबेल आणणार आहे (इंग्लंडातल्या कुण्या कॅम्पबेल बाईंनी हे वाण तयार केलं, आहे की नाही गंमत!). त्यांना तळं लागत नाही, डोकं पूर्ण बुडेल एवढं घमेलं पुरतं. अंडी पहाटे देतात, म्हणून आठ-नऊ वाजेपर्यंत सोडायची नाहीत, नाहीतर अंडी अळवात शोधत बसा. आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही नको, बदक त्या विषाला कोंबडीपेक्षा फार लवकर बळी पडतं.

वाघोली-आगाशीकडे ज्यांच्या वाडीत अजून बावखल शिल्लक आहे त्यांचा मला हेवा वाटतो. पण तिथं रानपाखरंही उतरतात, आणि बर्ड फ्लूचा विषाणू बदक कित्येकदा स्वतः आजारी न दिसता बाळगतं. 2006 साली नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. 2022 साली शहापूरच्या वेहळोलीला आला, म्हणजे आपल्या अंगणातच की. म्हणून माझी बदकं घमेल्यातच डुंबतील, आणि अचानक चार पक्षी मेले तर मी ते लपवून पुरणार नाही, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवीन. शेडवर कर्ज असलेला माणूस हे कळवेल का, याचं उत्तर भाचेजावयांनी त्यांच्या त्या कागदावर लिहून द्यावं.

असो. लसीसाठी आतापर्यंत सहा घरं तयार झाली आहेत. कोपरीकडची दोन नक्की नाहीत. एका आजीबाईंना सुईची भीती, म्हणजे कोंबडीच्या वतीनं! थर्मास आमच्याकडे आहे. पुतण्या रविवारी येतोय, खुराड्याची जाळी ठोकायला. शेडचे पत्रे आणू नकोस, असं फोनवर सांगून ठेवलंय.