फिजिशियन असिस्टंट कोणाच्या हाताखाली?

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या आणि नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलामुलींच्या घरी हल्ली एका पदवीची चौकशी होऊ लागली आहे. बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट, नव्या सरकारी नावाने फिजिशियन असोसिएट. साधारण तीन वर्षे वर्ग आणि वॉर्ड, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. कन्सल्टंट येण्याआधी रुग्णाची हकिगत लिहून घेणे, रिपोर्ट लावून ठेवणे, राउंडला केस मांडणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, टाके काढणे, डिस्चार्ज कार्ड तयार करणे हे या माणसाचे काम. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला पहिल्यांदा देशपातळीवर ओळख दिली. एप्रिल २०२५ मध्ये ज्या दहा व्यवसायांचे एकसारखे अभ्यासक्रम जाहीर झाले त्यांत हाही आहे. सगळे रीतसर चालले आहे असे वाटावे अशी ही प्रगती. तरीही या पदवीच्या जागा वाढवताना ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी तो मागे पडण्याची भीती आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी कोण उभे राहणार? माझे म्हणणे असे की, या अभ्यासक्रमाच्या जागा रुग्णालयाच्या खाटा किंवा प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शके पाहून ठरवू नयेत. देखरेखीची जबाबदारी लेखी स्वीकारणारे डॉक्टर किती, यावर त्या ठरवाव्यात.

हा व्यवसाय जन्मला तोच मुळी डॉक्टरच्या कोपराला कोपर लावून. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिली तुकडी घेतली ती चौघांची. चौघेही नौदलात वैद्यकीय सहायक म्हणून काम केलेले. म्हणजे जखमा पाहिलेले, सुया टोचलेले, घाईगर्दीत डोके शांत ठेवायला शिकलेले. त्यांतले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. आजही तिकडे आधी एक पदवी, मग साधारण सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यात दोन हजारांच्या आसपास तास निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष रुग्णांसोबत, आणि शेवटी तीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा असा क्रम आहे. आपल्याकडे सुरुवात झाली ती १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. तिथे प्रवेशाची पातळी वेगळी होती, पण मूळ रचना तीच राहिली. एक चालते-बोलते शस्त्रक्रियेचे युनिट आणि त्या युनिटला हवे तसे घडवले जाणारे सहायक.

बायपासची शस्त्रक्रिया पाहिली की या रचनेचे मर्म कळते. सर्जन छाती उघडून हृदयापाशी काम करत असतो, त्याच वेळी दुसरा माणूस रुग्णाच्या पायातून लांब शीर काढत असतो. हीच शीर पुढे हृदयावर जोडायची असते. तिच्या बारीक फांद्या एकेक करून बांधायच्या, शीर ताणायची नाही, चिमट्याने आवळायची नाही, आतले अस्तर दुखावू द्यायचे नाही. इथे हलगर्जी झाली तर जोडलेली शीर पुढे लवकर बंद पडू शकते. हे काम अनेक हृदय-युनिटांत फिजिशियन असिस्टंट करतात आणि उत्तम करतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. चार हातांवर सर्जन उभा असतो, त्याची नजर तिकडेही असते, म्हणून येते. रात्री आयसीयूत हाच सहायक छातीतल्या नळीतून तासाला किती रक्त येते ते पाहतो. आकडा वाढला तर सरांना आत्ता उठवायचे की अजून अर्धा तास थांबायचे, हे त्याला कळावे लागते. मला विचाराल तर या पदवीतले सर्वांत अवघड कौशल्य हेच. टाका घालणे सहा महिन्यांत जमते. फोन केव्हा करायचा हे कळायला, केलेल्या फोनवर न चिडणारा आणि न केलेल्या फोनबद्दल दुसऱ्या दिवशी शांतपणे जाब विचारणारा वरिष्ठ लागतो.

युनिटमधून निघालेला हा अभ्यासक्रम आता महाविद्यालयाच्या इमारतीत आला आहे. अठरा वर्षांचा विद्यार्थी, कुठलाही पूर्वानुभव नाही, वर्गात साठजण आणि समोर शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. पहिले वर्ष हे चालून जाते. एमबीबीएसलाही तसेच चालते. खरी कसोटी इंटर्नशिपची. २०२१ चा कायदा आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी तास मोजतो. तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास. आकडा चांगला आहे. पण तास भरतात ते हजेरीपटावर. ते कोणासोबत गेले, हे हजेरीपट सांगत नाही. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाचा दिनक्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांना दोन धोके लगेच दिसतील. एक म्हणजे हा इंटर्न मेडिक्लेमच्या टेबलापाशी बसेल. टीपीएचे फॉर्म भर, जुने रिपोर्ट स्कॅन कर, डिस्चार्ज कार्ड टाइप कर, यात वर्ष निघून जाईल आणि रुग्णाच्या पोटाला हात लावायची वेळ फार थोडी येईल. दुसरा धोका याच्या नेमका उलट. रात्रपाळीला आरएमओ मिळाला नाही की पांढरा कोट घातलेला हाच मुलगा मजल्यावर एकटा राहील. महाराष्ट्रात आरएमओची ही जागा वर्षानुवर्षे बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर भरत आले आहेत. कन्सल्टंट घरी, फोनवर सूचना, आणि रात्र आरएमओ व सिस्टरच्या जिवावर. त्या साखळीत आणखी कमी पगाराची एक कडी जोडायची, एवढाच या पदवीचा अर्थ व्यवस्थापनांनी लावला, तर दोष विद्यार्थ्याचा नसेल.

ही भीती काल्पनिक नाही, हे ब्रिटनने नुकतेच दाखवून दिले. तिथे डॉक्टरांचा तुटवडा भरून काढायला फिजिशियन असोसिएट झपाट्याने वाढवण्यात आले. २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३६-३७ पर्यंत दहा हजारांचे लक्ष्य ठेवले होते. हे लोक पदवीधर, वर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. तरीही २०२२ मध्ये एक तरुणी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात दोनदा गेली, दोन्ही वेळा तिला असोसिएटने तपासले, रक्ताची गुठळी ओळखली गेली नाही आणि ती दगावली. तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही हे तिला माहीतही नव्हते. त्यानंतर उठलेल्या वादळात डिसेंबर २०२४ पासून या व्यवसायाचे नियमन तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांचा अहवाल आला. निदान न झालेल्या, थेट दारात आलेल्या रुग्णाला या मंडळींनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर तपासू नये; नव्याने उत्तीर्ण झालेल्यांनी आधी किमान दोन वर्षे रुग्णालयात काम करावे, मग दवाखान्यात जावे, अशा त्याच्या शिफारशी आहेत. हा व्यवसायच बंद करा, असे मात्र अहवाल म्हणत नाही. चूक झाली ती सहायकाला डॉक्टरच्या शेजारून उचलून डॉक्टरच्या जागी बसवण्यात.

यावर डॉक्टरांच्या संघटना म्हणतील, आम्ही तरी दुसरे काय सांगतो? मागच्या दाराने अर्धे डॉक्टर आणू नका. या आक्षेपाला मोठा इतिहास आहे. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास तीस हजार लायसेन्शिएट होते. आपल्याकडची जुनी पिढी ज्यांना एल.सी.पी.एस. डॉक्टर म्हणून ओळखे, ते त्यांच्यातलेच. समितीने बहुमताने ठरवले की यापुढे एकच प्रकारचा डॉक्टर असावा. काही सदस्यांना ते पटले नव्हते. तेव्हापासून मधल्या पातळीचा माणूस हा आपल्या वैद्यकीय धोरणातला न मिटलेला वाद आहे. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि विरोधापुढे गुंडाळला. आसामने २००४ मध्ये कायदा करून असाच अभ्यासक्रम चालवला. संसदेच्या अखत्यारीतल्या विषयात राज्याने कायदा केला म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मधल्या पातळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित औषधे लिहू देणाऱ्या, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ वरून रणकंदन झाले. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधे लिहू द्यावीत का, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात डॉक्टरांनी बंद पाळला, तोही याच वादाचा ताजा अंक.

पण या सगळ्या उदाहरणांत वाद आहे तो स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा. फिजिशियन असिस्टंटची कल्पना त्याहून मुळातच वेगळी आहे. डॉक्टरशिवाय त्याला कामच नाही. त्यामुळे संघटनांनी आपली ताकद पदवी अडवण्यात घालवण्यापेक्षा ही मर्यादा कायद्यात आणि करारात पक्की करून घेण्यात लावावी. तीन वर्षांच्या शिक्षणात काहीच येत नाही, हा दावाही पुराव्यापुढे टिकत नाही. छत्तीसगडच्या त्याच बंद पडलेल्या अभ्यासक्रमाचे पदवीधर पुढे ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले आणि नेहमीचे आजार हाताळण्यात ते तिथल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे असल्याचे २०१० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसले. अर्थात त्यांच्यापुढचे आजार ठरावीक होते. हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत ठरावीक काहीच नसते, म्हणून तिथे सावलीसारखा वरिष्ठ लागतो.

अमेरिका-ब्रिटनमध्ये हे पदव्युत्तर शिक्षण असताना आपण बारावीनंतर का, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर पदवीच्या पातळीत सापडणार नाही. आपल्याकडे डॉक्टर आणि नर्स दोघेही बारावीनंतरच घडायला लागतात आणि वॉर्डातल्या वर्षांनी प्रौढ होतात. पहिल्या अमेरिकी तुकडीकडे जी शिदोरी होती ती नौदलातल्या अनुभवाची होती, पदवीची नव्हे. आपल्या मुलांकडे ती नाही, तर ती अभ्यासक्रमाने द्यायला हवी. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून रोज सकाळी वॉर्ड, इंटर्नशिप एकाच विभागात न अडकवता मेडिसिन, शस्त्रक्रिया, आयसीयू, अपघात विभाग अशी फिरती, आणि पदवीनंतरची पहिली दोन वर्षे मोठ्या रुग्णालयातच. ब्रिटिश अहवालातली ही दोन वर्षांची अट आपल्या वीस-बावीस वर्षांच्या पदवीधराला तर अधिकच लागू पडते.

खरा अडसर पुढे आहे. डॉक्टरांच्या संख्येवर जागा ठरवल्या तर त्या फार कमी होतील, खासगी संस्था पाठ फिरवतील आणि जिथे माणसांची गरज आहे तिथे कुणी पोहोचणार नाही. हे बरेचसे खरे आहे. जागा कमी होतील, आणि व्हाव्यातही. जिथे डॉक्टरच नाही अशा गावासाठी ही पदवी नाही. उपकेंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची योजना आहे आणि तिचे बरेवाईट वेगळे तपासावे. ही पदवी कामाची आहे ती जिथे डॉक्टर आहेत पण गर्दीखाली दबले आहेत तिथे. जिल्हा रुग्णालयाची सकाळची ओपीडी डोळ्यांपुढे आणा. सर्जन एकच. बाहेर रांग, आत शस्त्रक्रियेची यादी, आणि त्याच सर्जनने पोस्टमॉर्टेमचे समन्स, शिबिरांचे अहवाल आणि डिस्चार्जच्या सह्या उरकायच्या. त्याच्या हाताखाली दोन नीट तयार झालेले सहायक दिले तर रांग पुढे सरकेल. अशा सर्जनला, दोघांना शिकवण्याच्या बदल्यात ओपीडीचा एक दिवस मोकळा आणि मानधन देणे सरकारला परवडण्याजोगे आहे. खासगी महाविद्यालयांनाही हीच मोजपट्टी लावा. एका डॉक्टरमागे दोन इंटर्न, त्या डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर. नावे संपली की जागा संपल्या.

एवढ्यानेही भागणार नाही, कारण आपल्या डॉक्टरांना सहायकाकडून काम घ्यायला कुणी शिकवलेलेच नाही. निवासी डॉक्टर असताना ते ज्या पद्धतीने राबले तीच पद्धत ते पुढे चालवतात. काम ढकला, चुकले की झापा, सही करा. सहायकाने लिहिलेली हकिगत वाचायची, त्यातला एक मुद्दा रुग्णापाशी जाऊन स्वतः पडताळायचा आणि मगच खाली सही करायची, ही सवय एमडी-एमएसच्या तीन वर्षांतच लागायला हवी. त्यांच्या लॉगबुकमध्ये तिला वेगळा रकाना असायला हरकत नाही. सहीचा कायदेशीर अर्थही स्पष्ट हवा. केसपेपरवर सहायकाची नोंद असेल तर तिच्याखाली कोणाची सही किती तासांत व्हायला हवी, आणि न झाल्यास जबाबदार कोण, हे नियमात लिहिलेले असावे. नाहीतर पहिला खटला उभा राहिला की रुग्णालय डॉक्टरकडे बोट दाखवेल, डॉक्टर सहायकाकडे, आणि बावीस वर्षांचे ते पोर कोर्टाच्या पायऱ्या चढेल. तोवर प्रवेश घेऊ पाहणाऱ्या पालकांनी फीचा तक्ता आणि वसतिगृहाचे फोटो पाहून झाल्यावर समुपदेशकाला एवढेच विचारावे, की चौथ्या वर्षी माझी मुलगी कोणत्या डॉक्टरच्या हाताखाली असेल आणि त्यांना आज भेटता येईल का.