मशीनने खोला, हाताने आवळा

चिपळूणजवळच्या परशुराम घाटातून पंक्चरसाठी फोन येतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते. स्टेपनी आहे, जॅक आहे, पानाही आहे, पण चाकाचे नट हलत नाहीत. दोष त्या माणसाच्या ताकदीचा नसतो. हिशेब मांडून बघा. गाडीसोबत मिळणारा पाना जेमतेम फूटभर लांब. ६० किलोचा माणूस त्याच्या टोकावर सगळं वजन टाकून उभा राहिला, तरी नटावर फार तर १५० ते १८० न्यूटन मीटर जोर येतो. लहान गाडीचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरवर आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. म्हणजे ते त्या पान्याने सुटायलाच हवेत. सुटत नाहीत, कारण मागच्या वेळी चाक ज्याने बसवलं त्याने हवेची गन लावली, घोडा दाबला आणि दाबूनच धरला.

चिपळुणात माझं चारचाकीचं गॅरेज आहे. इथे पावसाळ्यात लाइट गेली की कंप्रेसर बंद आणि हवेची गनही बंद. त्यामुळे बॅटरीवरच्या इम्पॅक्ट मशीनचं मोल मला कुणी सांगायला नको. हायवेला बंद पडलेल्या गाडीपाशी ते पिशवीत घालून नेता येतं. आता तर घरच्या घरी गाडीचं काम करणारे हौशी लोकही ते घेतात, आणि घेण्याआधी आमच्याकडे विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त पॉवरचं कुठलं? या प्रश्नापासूनच निवड चुकते, असं माझं ठाम मत आहे.

आधी नट-बोल्ट बघा, मग मशीन. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट रेंच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ड्रायव्हरच्या तोंडाला पाव इंची षटकोनी खाच असते, त्यात बिट बसतो. रेंचला चौकोनी दांडा असतो, बहुतेक वेळा अर्धा इंची, त्यावर गोटी (सॉकेट) चढते. मकिताच्या डीटीडी १५२ ड्रायव्हरचा जोर १६५ न्यूटन मीटर आहे, तर त्याच कंपनीच्या डीटीडब्ल्यू ३०० रेंचचा ३३०. बॉशच्या जीडीएक्स १८०-एलआय मशीनमध्ये षटकोनी खाच आणि चौकोनी दांडा दोन्ही आहेत, जोर १८०. घरी एकच मशीन ठेवायचं असेल त्याला मी असंच दोन्ही कामांचं सुचवतो. ड्रायव्हरला अ‍ॅडॉप्टर लावून रोज चाकं खोलायचा विचार मात्र सोडून द्या. त्या बारीक अ‍ॅडॉप्टरमध्ये जोर वाया जातो आणि एक दिवस तो पिळवटून तुटतो.

ड्रायव्हरची खरी जागा दुसरीकडे आहे. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक डिस्क दोन छोट्या चौफुली स्क्रूंनी हबला धरलेली असते. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत ते स्क्रू असे बसतात की साध्या पेचकसाने डोक्याची खाच गुळगुळीत होते, स्क्रू जागचा हलत नाही. तिथे तीन नंबरचा जपानी खाचेचा बिट घ्यायचा, छातीचा भार मागून द्यायचा आणि घोडा हळूहळू दाबायचा. मशीनच्या आत स्प्रिंगवरचा हातोडा मिनिटाला हजारो ठोके मारतो. एका दमात पिळण्याऐवजी ठोक्याठोक्याने फिरवलं की गंज तडकतो आणि मनगटालाही झटका बसत नाही. म्हणून मी आकड्याआधी घोडा तपासतो. हलक्या दाबाला मशीन हळू फिरतं का, वेगाच्या पायऱ्या आहेत का? ज्याचा घोडा फक्त चालू आणि बंद एवढंच जाणतो, ते मशीन अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांचा काळ आहे.

ऑइल चेंबरचा बोल्ट अनेक लहान गाड्यांत ३५-४० न्यूटन मीटरवर आवळतात. तिथे १६५ चं मशीन क्षणभर जास्त चाललं तरी आटे गेलेच. मग नवे आटे देणारं हेलिकॉइल बसवा, नाहीतर चेंबर बदला. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या खोलताना हाच हळू जाण्याचा नियम कामी आला. गंजलेल्या सायलेन्सरच्या स्टडला आधी गंज सोडवणारं तेल, मग थोडा धीर, गरज पडली तर उष्णता, आणि शेवटी छोटे ठोके. मोठी गन थेट लावली की स्टड मुळापासून तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभरावर जातं.

बाजारात ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, अगदी ३८८ व्हीएफ लिहिलेली स्वस्त मशीनं मिळतात. व्होल्टशी त्या आकड्यांचा संबंध नाही. आत बहुधा तेच पाच सेल ओळीने जोडलेले असतात: ३.६ गुणिले पाच म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. खोक्यावरचा असा आकडा वाचून पैसे देऊ नका. बॅटरी कुठे मिळेल, दुरुस्ती जवळ कुठे होते, हे आधी विचारा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणजे पहिल्या मशीनबरोबर पुढची सगळी अवजारं ठरतात. डॅशबोर्डखाली आडवं होऊन काम करायचं असेल तर २ अ‍ॅम्पिअर तासांची हलकी बॅटरी बरी. चाकांसाठी ४ किंवा ५ ची. गोट्या काळ्या, इम्पॅक्टच्याच घ्या. चकचकीत क्रोमची गोटी मशीनवर फुटली की तुकडा डोळ्यात जातो. चष्मा लावल्याशिवाय माझ्याकडे कुणाला घोडा दाबू देत नाही.

एवढं सगळं घेणारा माणूस आवळल्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना मात्र घेत नाही. चांगल्या मशीनला दहा हजारांच्या वर पैसे जातात. दोन-अडीच हजारांपासून मिळणारा पाना मात्र महाग वाटतो. मशीन नट खोलतं, बसवताना वेळ वाचवतं. पण किती आवळलं हे ते नेमकं सांगत नाही. बॅटरी किती भरली आहे, आट्यांना तेल लागलंय की गंज, यावर जोर बदलत जातो. कमी आवळलेलं चाक धावत्या गाडीतून निसटू शकतं, आणि जास्त आवळलं की स्टड ताणला जातो. म्हणून नट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवायचा, मग मशीनने हलकेच टेकवायचा, चाक जमिनीला लागलं की समोरासमोरचे नट टॉर्क पान्याने ‘कट्’ होईपर्यंत आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

गिऱ्हाइकांनीही हे मागायला हवं. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा चहाला जाऊ नका, गाडीपाशी उभे राहा. टायरवाल्याकडे टॉर्क पाना नसेल तर डिकीतला तुमचा पाना त्याच्या हाती द्या, शेवटचे वेढे हाताने द्यायला लावा, आणि तिथेच एक नट स्वतः सोडवून, पुन्हा आवळून बघा.