‘पॉझिटिव्ह’च्या पुढे काय?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा रक्तदान यांच्या निमित्ताने ‘एचबीएसएजी’ ही रक्ततपासणी होते आणि आपल्याला हिपॅटायटिस बी आहे, हे अनेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. डोळे पिवळे नसतात, भूकही नेहमीसारखी असते. शस्त्रक्रिया उरकते, रिपोर्ट फाइलमध्ये जातो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय, हे सांगायला मात्र कुणाला सवड नसते.

एचबीएसएजी हे या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन. ते रक्तात सापडले म्हणजे विषाणू शरीरात आहे, एवढेच ठरते. (नुकतीच लस घेतली असेल तर काही दिवस ते तात्पुरते सापडू शकते.) लागण ताजी की जुनी, यकृताला इजा होते आहे का, हे त्यावरून कळत नाही. सहा महिन्यांनंतरही ते सापडत राहिले तर आजार जुनाट समजतात. मोठेपणी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक आपोआप बरे होतात. जन्मताना आईकडून लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत मात्र विषाणू मुक्काम ठोकतो.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, काळजी नको’ हा दिलासा मला सर्वांत धोकादायक वाटतो. एसजीपीटी वरखाली होत राहते. एचबीव्ही डीएनए म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, एचबीईएजी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी हे सगळे एकत्र पाहिल्यावरच औषध आज सुरू करायचे की थांबायचे, हे ठरते. थांबायचे ठरले तरी नियमित तपासणी सुटत नाही, कारण या आजारात सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

उलट ‘अँटी-एचबीएस’ पॉझिटिव्ह पाहून घाबरणारेही भेटतात. ती तर संरक्षणाची खूण. १० किंवा त्याहून अधिक आकडा पुरेसा मानतात. हिपॅटायटिस सीचे गणित आणखी वेगळे. त्याची अँटीबॉडी बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते, म्हणून आरएनए तपासणीशिवाय कुणावर रोगाचा शिक्का मारू नये.

घरी काय होते? रुग्णाचे ताट-पेला वेगळा केला जातो, तपासणी मात्र इतर कुणाचीच होत नाही. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. जोडीदार, मुले, आई, भावंडे यांची रक्ततपासणी आणि ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस, हे खरे काम आहे. गर्भवती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळाले पाहिजे. त्याची तजवीज प्रसूतीआधीच हवी.

२०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीची ही तपासणी रुग्णालये मुख्यतः आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी करतात, ते योग्यच आहे. पण डिस्चार्ज कार्डावर ‘पुढील तपासणीसाठी अमुक केंद्रात जावे’ एवढी एक ओळ लिहिणे त्यांच्यावर बंधनकारक करायला हवे.