मांजरालाही पाणी ठेवा



धान्याची राखण करणाऱ्या मांजराला आपण दूध-भाकरी घालतो, पाणी मात्र विसरतो. दूध म्हणजे पाणी नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही; हगवण लागून अंगातले पाणी उलट कमी होते. उंदरातून मांजराला बरेच पाणी मिळते, कोरड्या भाकरीतून नाही. ३ किलोच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर पाणी लागते.

मातीच्या पसरट परळात सकाळ-संध्याकाळ ताजे पाणी सावलीत ठेवावे. फवारणीचे भांडे त्यासाठी कधीही वापरू नये.

बोका वारंवार कुंथतो पण लघवी होत नाही, असे दिसल्यास त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा. उशीर झाल्यास एक-दोन दिवसांत तो दगावतो.