पानांचा आकडा बैठकीतच ठरावा

लग्नाच्या बैठकीत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या.' हुंडा मागणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, त्यामुळे आता रोख रकमेची भाषा चारचौघांत सहसा कुणी करत नाही. पण 'चांगलं' म्हणजे काय, याचा उलगडा पुढच्या काही आठवड्यांत होत जातो. आमची चारशे माणसं येतील, कार्यालय शहरातलं हवं, सीमांतपूजनाच्या रात्रीही सगळ्यांचं जेवण हवं, मानपानाला अमुक इतक्या साड्या लागतील. यातली प्रत्येक मागणी माणसांच्या आकड्याला बांधलेली असते, कारण केटरर पानामागे दर लावतो आणि कार्यालयाचं भाडं सभागृहाच्या आकारानुसार वाढतं. आकडा एका घरानं सांगायचा आणि पैसे दुसऱ्या घरानं, बहुधा मुलीच्या बापानं, मोजायचे, अशी ही रीत आहे. म्हणून मोजक्या माणसांतल्या लग्नाकडे केवळ काटकसर म्हणून बघणं मला अपुरं वाटतं. त्यात दोन घरांमधल्या न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायची जागा बैठक हीच आहे. पाहुण्यांचा आकडा तिथे सगळ्यात आधी आणि दोन्ही बाजूंना सारखा ठरला पाहिजे.

लग्न लागायला किती माणसं लागतात, याचं उत्तर कायद्यानं केव्हाच दिलं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो विधी मागतो, आणि जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला असं मानतो. पंगतीबद्दल त्यात अवाक्षर नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, तो गंभीर संस्कार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. महाराष्ट्रात तर हा विचार त्याहून जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीविना, अगदी थोड्या खर्चात, वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन लागणाऱ्या लग्नांची सुरुवात केली. लग्नकार्यातला खर्च कष्टकऱ्याच्या घराला कसा खचवतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

गर्दीच्या बाजूनं सांगितलं जाणारं पहिलं कारण आपुलकीचं असतं: सगळे आले की बरं वाटतं. पण हिशेब करून पाहावा. सहाशे पाहुणे आणि वधूवरांना भेटण्यासाठी तीन तास, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला अठरा सेकंद येतात. तेवढ्यात पाकीट हातात द्यायचं, फोटोला उभं राहायचं आणि पुढच्याला जागा करून द्यायची. पाहुणे साठच असले तर प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, आणि वधूवरांना बसून जेवताही येतं. आपुलकीला वेळ लागतो, आणि वेळ माणसांच्या संख्येनं भागला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे आहेराची वही असते. ज्यांच्या घरी आपण जेवलो, आहेर घेतला-दिला, त्यांना वगळलं तर व्यवहार मोडतो. भावकीत आणि गावात हे खरोखर नातं तुटण्याचं कारण ठरू शकतं, त्याला 'लोक काय म्हणतील' म्हणून झटकून टाकणं उद्धटपणाचं होईल. पण व्यवहार फेडायचा तर एका दुपारी कार्यालयातच फेडला पाहिजे, असं कुठे आहे? त्यासाठी केळवणाची सुंदर पद्धत आपल्याकडे आहेच. लग्नाआधी काका, आत्या, शेजारी आपापल्या घरी बोलावून जेवू घालतात; लग्नानंतरही जोडप्याला जेवायला बोलावतात. ज्यांना लग्नाला बोलावता येत नाही, त्यांच्याकडे आपण होऊन जावं, 'लग्न घरगुती करतोय' हे पत्रिका छापण्याआधी, तोंडानं सांगावं आणि नमस्कार करून यावं. माणसं दुखावतात ती वगळल्यामुळे, आणि त्याहून जास्त ते तिसऱ्याकडून कळल्यामुळे. कुणाला बोलवायचं याचा नियमही सरळ हवा: चुलत-मावस भावंडं बोलवायची तर सगळी, नाहीतर कुणीच नाही. हुद्दा पाहून निवड केली की ती टोचणारच.

तिसरा आक्षेप मुलीच्या सुरक्षिततेचा आहे. चार गावांसमोर लागलेलं लग्न नाकारता येत नाही, हे पूर्वी खरं होतं. आता ते काम विवाह नोंदणी करते, आणि ती कुणीही टाळू नये. पण सासरी त्रास झाला तर धावून कोण येतं? येतो तो मामा, एखादी मैत्रीण, एखादे शिक्षक, शेजारच्या काकू. अक्षता टाकून जेवून गेलेल्या पाचशे जणांना तिचा फोन नंबरही ठाऊक नसतो. आणि यादी कापायची वेळ आली की पहिली काट मुलीच्या मैत्रिणींवर बसते, मुलाच्या वडिलांच्या ऑफिसातली माणसं मात्र टिकतात. हे उलटं व्हायला हवं. यादीची सुरुवात वधूवरांनी करावी.

मांडववाले, आचारी, वाढपी, बँडवाले यांच्या पोटाचं काय, असंही विचारलं जातं. प्रश्न खरा आहे, पण एखाद्या शेतकऱ्यानं सावकाराकडून पैसे काढून त्यांचा रोजगार चालवावा, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. शिवाय पाहुणे कमी झाले म्हणजे खर्च कमी होतोच असंही नाही. गोव्याच्या रिसॉर्टमध्ये पन्नास जणांना तीन दिवस ठेवलं, तर गावातल्या पाचशे पानांपेक्षा बिल मोठं येऊ शकतं. लग्न साठ जणांत आणि आठवड्यानं स्वागत समारंभ हजार जणांचा, यातही ओझं फक्त पुढे ढकललं जातं.

सक्तीनं लग्नातली गर्दी कायमची कमी होत नाही, हे आपण पाहिलं आहे. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड होता. त्या काळातली लग्नं तितकीच पक्की आहेत. तरी निर्बंध उठताच गर्दी परतली, कारण यादी सरकारनं कापली होती, घरांनी ठरवली नव्हती. २०२५ मध्ये मराठा समाजातल्या बैठकांमधून शंभर-दोनशे माणसांत लग्न करण्याची आचारसंहिता पुढे आली, ती म्हणूनच मला मोलाची वाटते; ती आतून आलेली आहे. आता प्रत्येक घरानं आपली बैठक बदलावी. दोन्हीकडची माणसं सारखी आणि ज्याचे पाहुणे त्याचा खर्च, एवढ्या दोन ओळी कागदावर लिहून घ्याव्यात. त्या ओळी लिहायचा आग्रह मुलाकडच्यांनी धरावा, कारण मुलीच्या बापाला तो धरता येत नाही.