फ्रेंच ब्रासरीत जैन बाईनं जावं का?



गेल्या काही महिन्यांत स्थानकातल्या तीन-चार जणींनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, आणि घरात कुणाचा वाढदिवस आला की टेबल बुक केलेलं असतं एखाद्या फ्रेंच ब्रासरीत. आपल्याला बोलावतात, अगदी मनापासून. आणि आपण आपलं ठरलेलं वाक्य म्हणतो, "तुम्ही जाऊन या, माझा चौविहार आहे." तर अशा ठिकाणी जावं की जाऊ नये?

माझं मत आधीच सांगून टाकते. जावं. आपला नियम बरोबर घेऊन जावं आणि ताटात तेवढंच घ्यावं जे नियमात बसतं. काहीच बसलं नाही तर लिंबू-पाणी घेऊन बसावं, पण घरच्यांबरोबर बसावं.

असं का म्हणते ते सांगते. आपल्या घरांत नियम पाळणारी बहुधा बाई असते. तिच्या नियमाचं सगळे कौतुक करतात, आणि मग फोटोत ती नसते. दोन-तीन वेळा नाही म्हटलं की मुलं विचारायचंही सोडतात. नातवंडांच्या मनात जैन धर्म म्हणजे "आजी येत नाही" एवढाच उरतो. सूपातल्या कांद्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. कांदा आपण टाळू शकतो. नातवंडांच्या मनात एकदा बसलेलं चित्र पुसता येत नाही.

आता ब्रासरी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण माहिती असली की भीती कमी होते. फ्रेंच भाषेत ब्रासरी म्हणजे मुळात बिअर बनवण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि अल्सास हा प्रांत जर्मनांकडे गेला. तिथले पुष्कळ लोक पॅरिसला आले आणि येताना आपलं खाणं-पिणं घेऊन आले, म्हणजे बिअर, आंबवलेली कोबी आणि डुकराचं मांस. पॅरिसची प्रसिद्ध ब्रासरी लिप १८८० साली अल्सासच्याच माणसानं सुरू केली. म्हणजे नाव, मूळ आणि मेनू, तिन्ही आपल्या उलट. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण याच ब्रासरीची एक रीत आपल्या फार सोयीची आहे. फ्रान्समध्ये साधं रेस्टॉरंट दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सातनंतरच उघडतं. ब्रासरीचं तसं नसतं. तिथे दुपारपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर चालू असतं आणि कुठल्याही वेळी जेवायला मिळतं. चौविहार करणाऱ्याला याहून काय हवं! आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्यास्त होतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. पाच वाजता टेबल घेतलं तर वर्षभर अडचण नाही. (पॅरिसला राहणाऱ्या आपल्या मुलींची तर उन्हाळ्यात मजाच आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच.) पुण्यातल्या सगळ्याच जागा ही रीत पाळत नाहीत, काही दुपारी बंद असतात. म्हणून फोन करताना पहिला प्रश्न पदार्थांचा नको, वेळेचा विचारा.

आता खाण्याकडे येऊ. बावीस अभक्ष्यांची यादी मनात ठेवून ब्रासरीचं मेनूकार्ड वाचलं तर पहिल्यांदा हसूच येतं. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगई. फ्रेंच स्वयंपाक तर लोण्यावरच उभा आहे. ब्रासरीतला सगळ्यात प्रसिद्ध शाकाहारी वाटणारा पदार्थ म्हणजे कांद्याचं सूप. आमच्या राहू बेटात ऊस आणि गुऱ्हाळं, शेजारी केडगावला कांद्याचा बाजार. गोण्यांच्या राशी बघत आयुष्य गेलं, पण कांद्याचं सूप करून कुणी त्याला मेजवानी म्हणेल असं वाटलं नव्हतं. आणि त्यात फक्त कांदाच असतो असं नाही. मूळ कृतीत तो कांदा गोमांसाच्या उकडपाण्यात शिजतो. वरून पाव आणि चीज. म्हणजे ज्या बायका "कांदा-लसूण चालतं, बाकी शाकाहारी" असं म्हणतात, त्यांनाही ते चालणारं नाही.

म्हणूनच मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. "जैन मिळेल का?" हा प्रश्न अपुरा आहे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात जैन या शब्दाचा अर्थ कांदा, लसूण, बटाटा नाही एवढाच घेतात. पावभाजीला तो पुरतो, कारण पावभाजीत बाकी लपलेलं काही नसतं. फ्रेंच जेवणात अडचणीच्या वस्तू दिसत नाहीत, त्या आत विरघळलेल्या असतात. हिरव्या ठिपक्यावरही सगळं सोपवू नका. आपल्या कायद्यात अंडं मांसाहारी धरतात हे चांगलं आहे, पण दूध आणि मध त्यातून वगळले आहेत. म्हणजे मध घातलेल्या पदार्थालाही हिरवा ठिपका मिळतो. ठिपका शाकाहाराचा आहे, आपल्या पच्चक्खाणाचा नाही.

मी फोनवर हे प्रश्न विचारते. लिहून ठेवा.

१. सूप आणि सॉस कशाच्या पाण्यात करता? भाज्यांच्या पाण्यात म्हणाले, तर त्यात कांदा, गाजर असतंच. साध्या पाण्यात करून द्याल का?

२. सॉसमध्ये वाइन आहे का? शिजवलं की मद्य उडून जातं असं सांगतात. सगळं उडत नाही, आणि उडालं तरी आपल्याला ते नको.

३. अंडं कशात आहे? मेयोनेज, कीश, क्रेम ब्रूले, चॉकलेट मूस या सगळ्यांत ते मुळातच असतं.

४. चीज कुठलं? चीज विरजायला लागणारं रेनेट परंपरेनं वासराच्या जठरातून काढतात. कोंते, रोकफोर अशा फ्रेंच चीजच्या नियमातच ते ठरलेलं आहे. भारतात बनलेल्या चीजसाठी आपल्या अन्नमानकात प्राणिज नसलेलं रेनेट सांगितलं आहे. तेव्हा आयात केलेलं आहे की इथलं, हा साधा प्रश्न पुरतो.

५. गोड पदार्थात जिलेटिन आहे का? ते हाडं आणि कातडीपासून होतं.

६. सॅलडमध्ये व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का?

७. तळणाचं तेल आणि तवा वेगळा आहे का?

सात प्रश्न ऐकून वाटेल की आता उरलं काय! उरतं, आणि बरंच उरतं. ज्या भाजीला आपण फरसबी म्हणतो ती म्हणजे फ्रेंच बीन्सच की, नावच मराठी होऊन बसलंय. ती कोवळी उकडून, ऑलिव्ह तेल, मीठ, मिरी आणि लिंबू घालून फ्रेंच लोकही आवडीनं खातात. मटारचं दाट सूप हा त्यांचा जुना पदार्थ आहे, कांद्याशिवायही तो उत्तम लागतो. टोमॅटो, झुकिनी आणि ढोबळी मिरची भाजून देता येते. (राताताउय नावाची प्रसिद्ध भाजी असते, तिच्यात वांगं, कांदा, लसूण सगळंच असतं. वांगं वगळून "तसंच" करून देतो म्हणाले तरी कांदा-लसणाचं वेगळं सांगा.) आणि ब्रिटनी भागातलं गॅलेट म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं. मूळ कृतीत पीठ, पाणी आणि मीठ एवढंच. काही जण त्यात अंडं घालतात, म्हणून विचारायचं. मुंबईत नरिमन पॉइंटला २०११ साली तिघा फ्रेंच मंडळींनी सुझेट नावाची क्रेपरी काढली, तेव्हा हे गॅलेट इथल्या लोकांच्या ओळखीचं झालं. उपवासाला कुट्टू खाणाऱ्या देशात ते परकं वाटायचं कारणच नव्हतं. टेबलावर लांबडा पाव आणून ठेवतात, तो खमीर घालून केलेला असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी न बोलता बाजूला सरकवावा.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्यात अशाच एका ठिकाणी गेलो. दोन दिवस आधी सूनबाईंनी फोन केला, प्रश्न मी लिहून दिले होते. पावणेपाचला बसलो. शेफ स्वतः बाहेर येऊन विचारून गेला. मटारचं सूप, फरसबी, भाजलेल्या भाज्यांचं गॅलेट, शेवटी पपई आणि डाळिंब. पावणेसहाला माझं पाणीसुद्धा पिऊन झालं होतं. बाकीची मंडळी नंतर तासभर खात होती आणि मी गप्पा मारत होते. नातीनं मध्येच वेटरला सांगितलं, "आजीला आता काही आणू नका, सूर्य गेला." कुणी शिकवलं नव्हतं. टेबलावर बसून पाहिलं म्हणून तिला कळलं.

आता आक्षेप. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, ज्या चुलीवर मांस शिजतं त्या घरचं पाणीही घेऊ नये, आणि आपला पैसा तिथे देऊ नये. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांनी बाहेरच्या अन्नाचा त्यागच केला आहे त्यांचा मार्ग माझ्याहून वरचा आहे, त्यांना मी काही सांगायला जाणार नाही. मीही आठम-चौदस, पर्युषण आणि चातुर्मासात बाहेर जेवत नाही. पण ज्यांचा तसा त्याग नाही, ज्या लग्नाच्या हॉलमध्ये आणि हायवेच्या धाब्यावर बिनदिक्कत जेवतात आणि फक्त "फ्रेंच" म्हटल्यावर नियमाची आठवण काढतात, त्यांच्याशी मी बोलते आहे. धाब्यावरच्या पनीरच्या ग्रेव्हीत काय आहे ते आपण कधी विचारलं? कित्येकदा तो नियम नसतो, परक्या जागेचा संकोच असतो. काटा-चमचा कसा धरायचा, मेनूतला शब्द कसा उच्चारायचा, लोक काय म्हणतील. त्या संकोचाला धर्माचं नाव देऊ नये.

आणि पैशाचं म्हणाल तर, मागणी बोलते हे मी बी.कॉम.ला शिकले. मुंबईत कच्च्या केळ्याची जैन पावभाजी आणि जैन पिझ्झा आपोआप आले नाहीत. विचारणारे होते म्हणून आले. आपण घरी बसलो तर मेनूकार्डावर आपली ओळ कधीच येणार नाही.

बिलाबद्दल दोन ओळी, कारण बिल वाचायची माझी सवय जात नाही. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला अठरा टक्के असू शकतो. सेवा शुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. एका ठिकाणी आमच्या बिलात ते लावलेलं होतं. शांतपणे सांगितलं, काढून दिलं. ज्यानं आपल्यासाठी स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारल्या त्या मुलाच्या हातात आपण आपणहून द्यावं, ते बरं.

हॉटेलवाल्यांना एक विनंती. जैन माणूस आला की पनीर टिक्का किंवा पांढरा पास्ता पुढे करू नका. तो आम्हाला कुठेही मिळतो. तुमच्याच पद्धतीच्या दोन भाज्या नीट करून द्या, आणि काय घातलं ते खरं सांगा. "माहीत नाही, विचारून येतो" हे उत्तर मला सगळ्यात आवडतं.

आणि सुनांनो, मुलींनो, सासूला बोलावताना टेबल आठचं घेऊ नका. पाचचं घ्या. तुम्हाला तीन तास लवकर भूक लागणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही कॉफी घ्या, नंतर जेवा. आई आधी जेवेल आणि तुमच्याबरोबर बसेल. पूर्वी पंगतीत वाढणारी शेवटी जेवायची, आता तिला पहिल्यांदा जेवू द्या.

तुमच्याकडे काय रीत आहे ती नक्की कळवा. फोनवर विचारायचे आणखी प्रश्न सुचले तर तेही सांगा, यादीत घालते.

जय जिनेंद्र.