दूत अवध्य, पण गुन्हेगार?

रावणाने हनुमंताच्या वधाची आज्ञा दिली, तेव्हा बिभीषणाने त्याला अडवले. दूत अवध्य असतो, हा राजधर्म त्याने भर दरबारात सांगितला. मात्र दूताला देता येणाऱ्या इतर शिक्षाही त्याच बिभीषणाने मोजून दाखवल्या, याचा सहसा विसर पडतो. कौटिल्यानेही दूताला अभय दिले, ते तो दुसऱ्याचा निरोप बोलतो म्हणून. अभय निरोपाला होते. निरोप्याच्या मनमानीला नव्हते.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराने हे अभय जगभर एकसारखे केले. राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. यजमान देशाचे कायदे पाळणे हे त्याचे कर्तव्य आहे, असेही हाच करार बजावतो. पण कर्तव्य मोडले तर काय? फार तर त्याला 'अस्वीकार्य' ठरवून घरी धाडायचे!

१७ एप्रिल १९८४ रोजी लंडनमधील लिबियाच्या दूतावासातून बाहेरच्या निदर्शकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. बंदोबस्तावर असलेली इव्होन फ्लेचर ही पंचवीस वर्षांची पोलीस शिपाई मारली गेली. ब्रिटिश पोलिसांनी अकरा दिवस इमारतीला वेढा घातला आणि अखेर आतल्या सर्वांना सुखरूप विमानात बसवून दिले. या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. २००१ मध्ये काठमांडूत पाकिस्तानी दूतावासाच्या एका अधिकाऱ्याकडे सोळा किलो आरडीएक्स सापडले. नेपाळने काय केले? त्याची हकालपट्टी.

'लीथल वेपन २' या १९८९ च्या हॉलीवूडपटातील दक्षिण आफ्रिकी खलनायक शेवटपर्यंत याच कवचाची शेखी मिरवतो आणि पोलीस नायक त्याला गोळी घालतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात. कारण प्रत्यक्षात न मिळणारा न्याय त्यांना पडद्यावर मिळतो. गंमत अशी की, हा महाभाग वाणिज्य दूतावासातला. त्या अधिकाऱ्यांसाठी १९६३ चा वेगळा करार असून त्याचे संरक्षण बरेच तोकडे आहे.

हा फरक भारताला डिसेंबर २०१३ मध्ये कडवटपणे कळला. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत, मूळच्या महाराष्ट्राच्या, यांना मोलकरणीचा व्हिसा आणि वेतन यांवरून अटक झाली, अंगझडतीही घेतली गेली. मोलकरणीच्या वेतनाचा प्रश्न खोटा होता असे नाही. पण एका राष्ट्राच्या प्रतिनिधीला दिलेली ती वागणूक असह्य होती. दिल्लीतील अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवून भारताने संताप दाखवला, तो योग्यच होता.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, गुरगावमधील एका सदनिकेतून दोन नेपाळी महिलांची सुटका करण्यात आली. सौदी दूतावासाच्या प्रथम सचिवाने त्यांना डांबून ठेवले आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, असा त्यांचा आरोप होता. त्याच महिन्यात तो अधिकारी भारत सोडून गेला. परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात व्हिएन्ना कराराचा दाखला होता. २०१३ चा आवेश कुठे गेला? अधिकाऱ्याच्या मानासाठी हटणारे अडथळे दोन गरीब स्त्रियांच्या अब्रूसाठी का हटत नाहीत? त्या भारतीय नव्हत्या, हे उत्तर होऊ शकत नाही. गुन्हा भारताच्या भूमीवर घडल्याचा आरोप होता.

करार आडवा येतो, हे निमित्तही तपासून पाहावे. हे संरक्षण अधिकाऱ्याच्या मालकीचे नसते. ते त्याच्या राष्ट्राचे असते आणि राष्ट्राला ते काढून घेता येते. जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने मद्यधुंद अवस्थेत मोटार चालवून सोळा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. अमेरिकेत प्रक्षोभ उसळला, मदत रोखण्याची भाषा झाली आणि त्या छोट्या देशाने संरक्षण काढून घेतले. आरोपीला सात ते एकवीस वर्षांचा कारावास झाला. कराराचे एक अक्षरही न बदलता हे घडले.

भारताचे सौदी अरेबियाशी तेलाचे नाते आहे, लाखो भारतीय तेथे राबतात, हे खरे. म्हणून करार मोडा, असे कोणी म्हणत नाही. पण अशा प्रत्येक गंभीर प्रकरणात संरक्षण काढून घेण्याची मागणी दूतावासाकडे लेखी गेली पाहिजे. नकार आल्यास त्याच्याच देशात खटला चालवण्याची मागणी झाली पाहिजे. कारण स्वदेशाच्या न्यायालयापासून हा करार कोणालाही वाचवत नाही. आणि तेथूनही नकार आला, तर तो संसदेच्या पटलावर ठेवला पाहिजे.